पाहिलेलं आणि सांगितलेलं

आमच्या बीड जिल्ह्यात दुपारी बाराला कोणाच्याही दारात उभं राहा, आधी 'चहा ठिव गं' ही हाक ऐकू येते आणि मग 'कोन पायजे?' हा प्रश्न. नोकरीपायी मी किती उंबरे ओलांडले याची मोजदाद नाही, पण चहा न घेता सुटले असं एकही घर आठवत नाही. गुळाचा, शेळीच्या दुधाचा, कोरा, उकळून उकळून काळा झालेला, सगळा प्याले. पित्तानं डोकं चढायचं, तरी प्याले. नाही म्हटलं की माणसं दुखावतात आणि दुखावलेली माणसं नीट बोलत नाहीत, हे आमच्या कामातलं पहिलं शहाणपण.

काम कोणतं ते सांगते, कारण इथंच माझी नेहमी पंचाईत होते. शिक्षिका होते म्हटलं की लोक विचारतात, कोणत्या शाळेवर? मला शाळाच नव्हती. जी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी जाऊन शिकवायचं, ही माझी नोकरी. फिरती विशेष शिक्षिका. एक स्कूटी आणि एक पिशवी. पिशवीत मण्यांची पाटी, जाड पेन्सिली, घुंगरू आणि टॉवेल. टॉवेल लाळ पुसायला. कुणाला अक्षरं शिकवली, कुणाला चमचा धरायला शिकवलं आणि एका मुलाला तर सबंध वर्षभर फक्त मान हलवून 'नाही' म्हणायला शिकवलं. त्याला ते जमलं त्या दिवशी त्याच्या आईनं माझ्यासाठी शेवयाची खीर केली. आठवड्याभरात तीच बाई माझ्या नावानं बोटं मोडायला लागली, कारण पोरगं आता आंघोळीपासून भाकरीपर्यंत सगळ्यालाच नाही म्हणत होतं.

निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत घरात बसून कंटाळले. तेवढ्यात पुण्याच्या एका संस्थेचा अभ्यास जिल्ह्यात सुरू झाला. ज्यांना काही अपंगत्व आहे, किंवा एखाद्या दुखण्यानंतर अंगातून जाईचना असा थकवा आहे, अशी चौदा ते चोवीस वयाची मुलंमुली दिवस कसा काढतात, शिकतात का, त्यांना मदत कसली हवी, हे शोधायचं होतं. घरं ओळखणारं माणूस पाहिजे होतं, त्यांनी मला घेतलं. संस्थेच्या प्रमुखांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणायचो. शांत, सज्जन माणूस. आवाज कधी चढला नाही.

आमच्या फॉर्मवर प्रत्येक प्रश्नापुढे दोन रकाने असत. एक 'सांगितलेलं', दुसरा 'पाहिलेलं'. घरचे म्हणाले की पोरगा दहा पावलं चालत नाही, तर ते पहिल्या रकान्यात. तोच पोरगा उठून दार लावून आला, तर ते दुसऱ्यात. दोन्हींत फरक पडला तर दुसरा खरा धरायचा. सगळं झालं की घरच्यांच्या हातात सल्ल्याची एक चिठ्ठी द्यायची. मदतीची गरज जास्त, थोडी की नाही, यातल्या एकावर खूण आणि खाली आमच्या हातानं लिहिलेल्या दोन ओळी.

'पाहिलेलं' हा रकाना माझा लाडका होता. आपल्याकडे कागद घेऊन कोणी आलं की ते काहीतरी द्यायलाच आलंय असं लोक धरून चालतात आणि मग दुखणं थोडं फुगवून सांगतात. मी त्यांना दोष देत नाही. कागदावर काही मिळणार असेल तर मीसुद्धा जरा जास्तच लंगडले असते. पण फुगवलेलं ओळखणं हे आमचं काम, आणि त्यात मी तयार होते. हात वर होत नाही म्हणणाऱ्याला हात वर कर असं कधी सांगायचं नाही. निघताना आपण दोन्ही हातांनी नमस्कार करायचा आणि त्याचे हात कुठपर्यंत येतात ते बघायचं.

कडा गावात साखर कारखान्याच्या बाजूला एक घर होतं. तिथल्या पोराचा एक पाय खरोखरच अधू होता, पण बापाला तेवढ्यावर भागेलसं वाटेना. "कानानं बी ऐकू येत न्हाई मॅडम," तो म्हणाला, "ढोल वाजवा, हालनार न्हाई." मी फॉर्ममधून मान वर न करता हळूच म्हणाले, "अरे, तुझ्या चपलेवर विंचू आहे." पोरगा टुणकन उडाला आणि त्याच अधू पायावर पडला. मी हसले, बापही हसला, त्याला आपली चोरी पकडल्याचं काही वाटलं नाही. पोरगा तेवढा हसला नाही, तो गुडघा चोळत बसला. महिन्याच्या बैठकीत मी हा किस्सा रंगवून सांगितला आणि तेव्हापासून सगळे मला विंचूबाई म्हणायला लागले. खोटं कशाला बोलू, मला ते नाव आवडायचं.

परळीला स्टेशनच्या रस्त्यावर अमोल नावाच्या मुलाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि तिथल्या वीज केंद्राच्या राखेची धूळ बसू नये म्हणून वर ताणलेलं प्लास्टिक. दोन वर्षांपूर्वी त्याला ताप आला होता. ताप गेला, पण अंगातली ताकद परत आली नाही. शेजारी त्याचा मित्र बसला होता. तो म्हणाला, "नाटकं करू नको बे, परवा वरातीत तर नाचलास." अमोल म्हणाला, "नाचलो. मनून तर आज बसून हाय." मग ड्रॉवरमधून एक फुगलेली बॅटरी काढून त्यानं माझ्यापुढे ठेवली. "हे बगा मॅडम. चार्जिंगला लावली की फुल दावती. फोन कानाला लावला की दोन मिन्टात बंद. मी तसा हाय."

मी लिहिलं, सांगितलेलं: थकवा. पाहिलेलं: दुकान चालवतो, बोलतो, हसतो. गरज थोडी. त्या दुखण्याची किल्ली त्यानं माझ्या हातात दिली होती. मी पेनांबरोबर ती पिशवीत टाकली आणि पुढच्या घरी गेले.

पुढचं घर म्हणजे अश्विनीचं.

तलवाड्याच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडला की मेंढपाळांची दहा-बारा घरांची वस्ती लागते. दिवाळी झाली की बापे आणि एक-दोन बाया मेंढरं घेऊन निघतात, मोकळ्या रानांतून तळ टाकत टाकत पुढे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. उरलेली माणसं घर आणि थोडकी शेती सांभाळतात. अश्विनीचे वडील लिंबाजी हे असे मेंढरांमागे आयुष्य गेलेले, आणि आई कांताबाई घर सांभाळणारी. घरात शाळेत गेलेली पहिली म्हणजे अश्विनी. दहावीला तिला चांगले मार्क पडले होते. बारावीच्या वर्षी ताप आला आणि कॉलेज सुटलं. गावातल्या आशा कार्यकर्त्या सुमनताई, त्यांनीच तिचं नाव आम्हाला दिलं होतं. "निजूनच असती मॅडम," त्या म्हणाल्या होत्या. "डाक्टर मनतेत रगत चांगलं हाय."

माणसं घरी सापडावीत म्हणून जायच्या दोन दिवस आधी निरोप द्यायचा, हा आमचा नियम होता. सुमनताईंनी निरोप दिला. दिवाळीला थोडे दिवस राहिले होते. मी गेले तेव्हा अंगण सारवलेलं होतं, चटई टाकलेली होती आणि पाच-दहा मिनिटांत अश्विनी स्वतः चहा घेऊन बाहेर आली. हिरवा ड्रेस, चापून घातलेली वेणी, ताटलीत दोन कपबशा. एक थेंब सांडला नव्हता. कप माझ्या हातात देऊन ती चौकटीला टेकून उभी राहिली.

मी विचारायला सुरुवात केली. स्वयंपाक करते का? "करती की," कांताबाई म्हणाल्या. पाणी आणते? "आनती." झोपून असते असं कळलं होतं मला. "कुटं काय! जरा कनकन असती कवा कवा. तशी समदं करती पोरगी."

इथं माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. इतक्या वर्षांत मी ज्या ज्या घरी गेले तिथं सांगितलेलं जास्त आणि पाहिलेलं कमी निघायचं. हे पहिलं घर, जिथं आई दुखणं कमी करून सांगत होती. पण मला फुगवलेलं ओळखायची सवय, झाकलेलं ओळखायची नाही. लग्नाच्या वयाची पोरगी, तिचं आजारपण कोणती आई कागदावर उतरवू देईल? कागद गावोगाव फिरतात असा लोकांचा समज, आणि तो अगदीच खोटा नाही. शिवाय पाहुणा दारात आलेला असताना घरची पोर निजून राहणं म्हणजे त्या घरांत अंगण न झाडण्याइतकी लाज. हे सगळं मला माहीत होतं, मी काही परदेशातून आले नव्हते. तरी त्या दिवशी दोन्ही रकाने जुळले याचाच मला आनंद झाला. असं क्वचित व्हायचं.

लिंबाजी मेंढरं कोंडून आले, हातपाय धुऊन चटईच्या कडेला बसले. "मॅडम, मंग पोरीला झालंय तरी काय?" त्यांनी विचारलं. "लई जन लई सांगतेत. कोन मनतं बाहेरचं हाय, कोन मनतं सोंग हाय. तुमी शिकलेल्या, तुमीच सांगा."

मी चिठ्ठी लिहिली. मदतीची गरज: नाही. खाली माझ्या वळणदार अक्षरात दोन ओळी: अंगात सुस्ती भरली आहे. रोज चालावे, चालणे वाढवत न्यावे, खाडा करू नये. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी दोनदा वाचून दाखवली. त्यांनी तिची नीट घडी घातली आणि आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली.

मी स्कूटीपाशी आले तर अश्विनी मागे आली होती. लिंबाच्या खोडाला हात लावून उभी होती. "मॅडम, तुमी परत येनार का?"

"आता कशाला? तू तर छान आहेस की."

"मला बारावीचा फॉर्म भरायचा हाय. पेपर लिवायला कोनी मिळतं का?"

"का गं, हात दुखतो?"

तिनं वळून दाराकडे बघितलं. दारात कांताबाई उभ्या होत्या. "न्हाई," अश्विनी म्हणाली. मी हेल्मेट घातलं आणि निघाले.

त्यानंतर थेट चैत्रात तलवाड्याला जाणं झालं, तेही दुसऱ्याच कामानं. स्कूटी पंक्चर झाली. पंक्चरवाल्यापुढे आधीच चार गाड्या होत्या. तोवर वस्तीवर चक्कर मारून येऊ म्हणून चालत निघाले. निरोप दिलेला नव्हता. नियम मोडून कोणाच्या घरी गेले ती तेवढी एकच वेळ.

अंगणात चटई नव्हती. आतल्या खोलीच्या खिडकीला गोधडी लावून ती बंद केली होती आणि दाराला साडीचा पडदा. कांताबाईंनी मला बघितलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर ओठांवर बोट ठेवलं. पडदा बाजूला करून मी आत डोकावले. अंधारात खाटेवर कोणीतरी भिंतीकडे तोंड करून पडलं होतं. मला वाटलं म्हातारं माणूस आहे. मग वेणी दिसली.

कांताबाई मला लिंबाखाली घेऊन गेल्या. "उजेड सोसत न्हाई तिला. भांडं पडलं तरी रडती. उटवून बसवलं की डोळे फिरतेत. परसाकडं न्यायचं तरी खांद्यावर."

"हे कधीपासून?"

"तळावरून आनल्यापासून."

मग त्यांनी सांगितलं ते तुटक तुटक होतं, मी सलग लिहिते. त्या दिवशी मी येणार म्हणून त्यांनी अश्विनीला दोन दिवस निजवून ठेवलं होतं, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता. मी यायच्या आधी तिला उठवलं, वेणी घातली, ड्रेस घातला. मी गेले आणि पोरीनं जी पाठ टेकली ती चार दिवस तिला घास उचलला नाही. "तुमच्यासाठी जपून ठिवलं होतं तिचं बळ," कांताबाई म्हणाल्या.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"कावून सांगावं मॅडम? पोरीची जात. उद्या सोयरीक करायची, आन् कागदावर लिवलेलं पुसतंय का कवा?"

दिवाळीनंतर लिंबाजी मेंढरांमागे निघाले तेव्हा अश्विनीला बरोबर घेऊन गेले. दरसाल ती आईपाशी राहायची. या वेळी त्यांच्याजवळ चिठ्ठी होती. रोज चालावे, चालणे वाढवत न्यावे. मेंढरांमागे जितकं चालणं होतं तितकं आणखी कुठं होणार? सुरुवातीला थोडं, मग जास्त, मग दिवसभर. बसली की हाताला धरून उठवायचे. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत तळावरच संपली. संक्रांतीच्या आधी एका टेम्पोत नवी जन्मलेली कोकरं घरी पाठवली, त्यात तिला निजवून पाठवलं.

मी लिंबाखालच्या दगडावर बसले. मारझोड केलेली, टाकून दिलेली, अंगावर काढलेल्या दुखण्यानं वाळलेली मुलं मी नोकरीत पुष्कळ पाहिली होती. त्या सगळ्यांच्या वेळी रागवायला दुसरं कोणीतरी असायचं. इथं बाप चांगला होता, आई चांगली होती. कागद माझा होता.

परळीला अमोलला फोन केला. त्यानं दुकान बंद केलं होतं, घरूनच आठवड्याला दोन-तीन फोन दुरुस्त करत होता. मी त्याला अश्विनीचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, हे दुखनं त्याच दिवशी दिसत न्हाई. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं. आन् दमायच्या आदी थांबायचं असतं, दमल्यावर थांबून काय उपेग? तिला कुनी चालवलं?" चिठ्ठीचं तेवढं मी त्याला सांगितलं नव्हतं. मोठ्या गावातल्या एका डॉक्टरीणबाईंनी मला नंतर हेच सांगितलं, फक्त जास्त शब्दांत. ढकलायचं नाही. रेटून चालवलं की काही मुलं मागं जातात आणि मग ती किती पुढं येतील ते कोणी सांगू शकत नाही.

मी पुण्याला गेले. सरांपुढे बसून म्हणाले, माझा अमुक नंबरचा फॉर्म चुकीचा आहे, तो मला दुरुस्त करून द्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मॅडम, त्या फेरीची माहिती आता बंद झाली. आणि एका फॉर्मनं निष्कर्ष बदलत नाहीत." त्यांचं बरोबरच होतं. अभ्यास असाच करतात. पण माणूस भला, त्यांनी वही काढली आणि माझं म्हणणं लिहून घेतलं. पुढच्या फेरीच्या फॉर्ममध्ये 'दुसऱ्या दिवशी काय होतं?' असा प्रश्न आला, आणि उत्तर मुलाला किंवा मुलीला एकट्याला विचारावं अशी सूचनाही आली. चिठ्ठीवर चालण्या-फिरण्याबद्दल आम्ही काही लिहायचं नाही, असंही ठरलं. तो प्रश्न माझा आहे म्हणून कोणी कौतुक केलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

त्यानंतर रात्री-रात्री मी घरभेटींच्या जुन्या वह्या काढून बसले असेन, असं कोणाला वाटेल. नाही बसले. हिंमतच झाली नाही. किती घरांत मला पोरींनीच चहा आणून दिला असेल, ते मला बघायचं नव्हतं. मी एवढंच केलं की दर मंगळवारी तलवाड्याला जायला लागले.

जायचं, चप्पल बाहेर काढायची, अंधारात खाटेजवळ खाली बसायचं. बोलायचं नाही. तिला वाटलं तर ती बोलणार. सुरुवातीला दोन वाक्यं, पुढे पुढे पाच-सहा. डोळे मिटूनच बोलायची. बोलकी माझी जात, मला ते गप्प बसणं फार जड गेलं. घुंगरू वाजवून, टाळ्या वाजवून मुलांना जागं करण्यात माझी हयात गेलेली.

एकदा ती म्हणाली, "मी त्या दिशी सांगनार होते. आई दारात हुती."

"माझंच चुकलं, बाळा. मी तुला बाजूला घेऊन विचारायला पाहिजे होतं."

ती थोडा वेळ थांबली. तिचं थांबणं म्हणजे श्वास गोळा करणं असायचं. "मॅडम, बापूला सांगू नका." वडिलांना ती बापू म्हणायची.

"काय सांगू नको?"

"चालून झालं ते. त्याला वाटतंय, त्यानं औषिद दिलं मला. रोज माज्या पायाला तेल लावायचा. त्याला कळलं तर तो मरून जाईल."

मी शब्द दिला. तिच्याकडून घ्यायचं होतं ते सगळं मी घेतलं होतं, तिनं मागितलेलं एवढं तरी द्यावं असं वाटलं.

पावसाच्या तोंडावर लिंबाजी परतले. माझ्याशी आधीसारखेच वागले, उलट जास्त मानानं. मी दर आठवड्याला पोरीसाठी येते याचं त्यांना फार अप्रूप. निघताना स्कूटीच्या हुकाला दुधाची बाटली अडकवायचे. ते दूध घरी नेऊन मी काय करायचे ते विचारू नका. सबंध पावसाळा मी शब्द पाळला. अश्विनी थोडी सावरली होती. खिडकीवरची गोधडी सकाळचा तासभर काढू द्यायची. एक दिवस तर उशीला टेकून बसली आणि चमच्यानं स्वतःच्या हातानं वरण खाल्लं. कांताबाईंनी मला बाहेर येऊन सांगितलं तेव्हा आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो.

नवरात्र बसलं त्या आठवड्यातली गोष्ट. मी आतून बाहेर आले. लिंबाजी ओट्यावर कातर घासत बसले होते. म्हणाले, "मॅडम, यंदा बी नेतो तिला संगं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कोणाला?"

"पोरीला. गेल्या साली माजंच चुकलं बगा. लई रडती मनून मधीच घरी धाडली. खाडा झाला. तवापासून बिगाडलं तिचं." त्यांनी बंडीच्या आतून ती प्लास्टिकची पिशवी काढली, चिठ्ठी काढली. घड्यांवर ती विरली होती, एका ठिकाणी मागून चिकटपट्टी लावली होती. "तुमी लिवलं होतं खाडा करू नका, आन् मी केला. यंदा काय बी हू दे, करत न्हाई. एक बार परत वाचून दावता का? किती चालवायचं ते नीट सांगा."

आत पडद्यापलीकडे खाट होती. मी अश्विनीला शब्द दिलेला होता. आणि दिवाळीला महिनाही उरला नव्हता.

"लिंबाजीभाऊ," मी म्हणाले, "तो कागद चुकीचा आहे."

त्यांनी कागद उलटा करून बघितला. "छापलेला हाय की."

"वरचं छापलेलं आहे. खालचं मी लिहिलंय, ते चुकीचं लिहिलंय. तिला चालवायला नको होतं. तिला निजू द्यायला पाहिजे होतं. चालण्यानंच तिचं वाढलं."

"खाड्यानं वाढलं."

"नाही. चालण्यानं. तुम्ही खाडा केलात म्हणून ती आज निदान एवढी तरी आहे. चूक तुमची नाही, माझी आहे. मी तिला नीट विचारलं नाही, चहा आणला म्हणून बरी आहे असं धरलं आणि लिहून टाकलं."

मला वाटलं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, मी त्याची तयारी ठेवली होती. पण इतकी शिकलेली बाई, कागद घेऊन फिरणारी, ती चुकू शकते हे त्यांच्या मनात शिरायलाच वेळ लागत होता. त्यांनी कातर खाली ठेवली. चिठ्ठी मांडीवर पसरून तळहातानं सपाट करत राहिले.

"रोज सकाळी मीच उठवायचो तिला," ते म्हणाले. "बसकन मारायची. मनायची, बापू, पाय माजे न्हाईत. मी मनायचो, मॅडमनी लिवलंय, सोंग करू नगं. हाताला धरून चालवायचो. रडायची अन् चालायची. तिची चुलती मनली, आवो खरंच रडती ती. मी मनलो, तुला काय कळतंय, कागदावर हाय."

कांताबाई चुलीपाशी होत्या, त्यांचा हात थांबला होता.

लिंबाजींनी माझ्याकडे बघितलं. आवाज अगदी हळू होता, पोरीला त्रास होऊ नये म्हणून त्या घरात सगळेच आता तसे बोलतात.

"म्हंजी मॅडम, ती वाटंनं रडायची, ते खरं रडायची?"

"हो," मी म्हणाले.

आतल्या खोलीत अश्विनी जागी होती. तिनं ते ऐकलं.